क्रीडा आणि आंतरराष्ट्रीय संबंध : व्याख्यानासाठी अभ्यासकाला निमंत्रण कसे द्यावे

गोव्यातील वाचनालये, महाविद्यालये आणि सांस्कृतिक मंडळे यांच्या व्याख्यानमालांत खेळ हा विषय आलाच, तर तो बहुधा एखाद्या खेळाडूच्या मुलाखतीच्या रूपाने येतो. देशादेशांतील संबंध मैदानावर कसे घडतात आणि कसे बिघडतात, हे अभ्यासकाकडून ऐकण्याची संधी आपण क्वचितच निर्माण करतो. वास्तविक या विषयाला गोव्यात भरपूर आधार आहे. जानेवारी २०१४ मध्ये पोर्तुगीजभाषक देश आणि पोर्तुगालशी ऐतिहासिक नाते असलेले प्रदेश यांच्या लुसोफोनिया क्रीडास्पर्धा गोव्यात भरल्या होत्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये ब्रिक्स देशांचे नेते शिखर परिषदेसाठी येथे जमले, त्याच महिन्यात या देशांच्या सतरा वर्षांखालील संघांची फुटबॉल स्पर्धाही गोव्यातच झाली, आणि २०१७ व २०२२ या दोन्ही वर्षी फातोर्ड्याच्या मैदानावर फिफाच्या युवा विश्वचषकाचे सामने रंगले. त्यामुळे आपल्या श्रोत्यांना या विषयाची तोंडओळख नव्याने करून द्यावी लागत नाही.

पहिले काम वक्ता शोधण्याचे नाही, प्रश्न ठरवण्याचे आहे, आणि माझ्या मते निम्मे यश याच टप्प्यावर ठरते. ‘क्रीडा आणि आंतरराष्ट्रीय संबंध’ एवढेच शीर्षक दिले, तर वक्त्याला १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून १९७१ च्या अमेरिका–चीन टेबल टेनिस भेटीपर्यंत आणि तेथून भारत–पाकिस्तान क्रिकेटपर्यंत धावावे लागते, आणि श्रोत्यांच्या हाती केवळ आठवणींची उजळणी येते. त्याऐवजी एकच प्रसंग धरावा. उदाहरणार्थ, १९७४ साली टेनिसमधील डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचूनही वर्णभेदी राजवटीच्या निषेधार्थ भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार दिला. या नकाराची किंमत खेळाडूंनी किती मोजली आणि परराष्ट्र धोरणाला त्यातून काय मिळाले, हा एका संध्याकाळच्या व्याख्यानाला पुरून उरणारा प्रश्न आहे. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला, भारताचे क्रीडा प्रशासक गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली आणि संतप्त जमावाने तेथील भारतीय दूतावासावर हल्ला केला. हा प्रसंग आज फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणूनच तो निवडण्याजोगा आहे. गोव्यापुरता विचार केला, तर लुसोफोनिया स्पर्धांमुळे पोर्तुगीजभाषक जगाशी भारताचे नाते खरोखर पुढे सरकले का, हे तपासून पाहायला हवे.

प्रश्न पक्का झाला की त्यावर ज्याने लिहिले आहे, असा अभ्यासक शोधावा. हे अभ्यासक एकाच विभागात सापडत नाहीत; कोणी राज्यशास्त्रात, कोणी इतिहासात, कोणी समाजशास्त्रात, तर कोणी विधी महाविद्यालयात असतो. गोवा विद्यापीठातील संबंधित प्राध्यापकांशी प्रत्यक्ष भेटून बोलणे ही सर्वांत सोपी सुरुवात आहे, कारण तेथे स्वतः बोलणारे कोणी नसले, तरी योग्य व्यक्तीचे नाव सुचवणारे कोणी ना कोणी भेटते. भारतीय विद्यापीठांतील प्रबंध ‘शोधगंगा’ या संग्रहात पाहता येतात, आणि नव्या पिढीतील संशोधकांची नावे तेथूनच कळतात. निवृत्त राजनैतिक अधिकारी किंवा क्रीडा पत्रकार यांचे अनुभव मोलाचे असतात, पण त्यांचे व्याख्यान वेगळ्या प्रकारचे असते. आपल्याला कोणते हवे आहे, हे समितीने आधी ठरवावे. निमंत्रणापूर्वी त्या अभ्यासकाचा किमान एक लेख समितीतील दोघांनी तरी पूर्ण वाचलेला असावा, हा आग्रह मी सोडणार नाही.

पत्र हा या कामाचा गाभा आहे. ते पान-दीड पानाचे असावे, निदान तीन महिने आधी पाठवावे, आणि आपण त्याच व्यक्तीला का बोलावत आहोत, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे. मजकूर साधारण असा असू शकतो : “मा. प्राध्यापक महोदय, सादर नमस्कार. वर्णभेदाविरुद्धच्या क्रीडा बहिष्कारावरील आपला लेख आमच्या वाचनालयाच्या समितीने वाचला. १९७४ चा भारताचा निर्णय खेळाडूंच्या दृष्टीने पाहावा, हे त्यातील आपले प्रतिपादन आमच्या श्रोत्यांसमोर यावे, अशी आमची इच्छा आहे. श्रोत्यांत शिक्षक, विद्यार्थी, फुटबॉलचे जुने खेळाडू आणि नियमित वाचक असतील; व्याख्यान पन्नास मिनिटांचे आणि प्रश्नोत्तरे अर्ध्या तासाची असतील. आपण मराठीत, हिंदीत किंवा इंग्रजीत बोलू शकता.” यानंतर दोन पर्यायी तारखा, मानधनाची रक्कम, प्रवास व निवासाची सोय आणि ध्वनिचित्रमुद्रणासाठी संमती हे मुद्दे स्पष्ट लिहावेत. मानधन देणे शक्य नसेल, तर तेही पहिल्याच पत्रात सांगावे. संकोचापोटी ही गोष्ट शेवटपर्यंत लांबवणे अभ्यासकाच्या वेळेचा अनादर करणारे आहे.

तारीख निवडताना चतुर्थी, शिगमो आणि गावची जत्रा टाळावी, आणि डिसेंबरअखेरीस विमानाचे व खोल्यांचे दर फार वाढतात, हेही लक्षात घ्यावे. पाहुणे दाबोळी विमानतळावर उतरणार की मोपा विमानतळावर, हे विचारूनच गाडी ठरवावी, कारण मडगावच्या कार्यक्रमासाठी मोपाहून येणे बरेच लांब पडते. परदेशी नागरिक असलेल्या अभ्यासकाला बोलावायचे असल्यास व्हिसा आणि शासकीय परवानगी यांची चौकशी विद्यापीठामार्फत बरीच आधी करावी. पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला ऐनवेळी व्यासपीठावर बसवू नये.

कार्यक्रमाच्या दिवशी सर्वांत मोठा धोका वेळेचा असतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मान्यवरांची मनोगते आणि सत्कार यांत पाऊण तास गेला, तर मुख्य वक्त्याला घाईघाईने आवरते घ्यावे लागते, आणि ग्रामीण भागांकडे जाणाऱ्या बसगाड्या लवकर बंद होत असल्याने श्रोते प्रश्नोत्तरांच्या वेळीच उठू लागतात. प्रास्ताविक पाच मिनिटांत संपवावे आणि आभार दोन मिनिटांत. सूत्रसंचालकाने विषय वाचलेला असावा, कारण प्रश्न कोणताही असला तरी चर्चा पाकिस्तानबरोबरच्या क्रिकेटकडे वळणार, हे गृहीत धरावे लागते. २०२५ च्या आशिया चषकात दोन्ही संघांच्या खेळाडूंत हस्तांदोलन झाले नाही, आणि त्याविषयी लोकांची मते तीव्र आहेत. असे प्रश्न येऊ शकतात, हे वक्त्याला पत्रातून आधीच कळवावे, सभागृहात प्रश्न चिठ्ठ्यांवर घ्यावेत, आणि जे प्रश्न ठरलेल्या विषयाला जोडता येतील, ते प्रथम विचारावेत. कोंकणीत विचारलेला प्रश्न वक्त्याला समजेल अशा भाषेत सांगण्याची जबाबदारी सूत्रसंचालकाची आहे.

व्याख्यानानंतर आठ दिवसांत आभाराचे पत्र आणि मानधन पोहोचते करावे. व्याख्यानाचे शब्दांकन करून ते छापण्याचा विचार असेल, तर मजकूर वक्त्याकडे तपासण्यास पाठवावा आणि त्यांनी केलेल्या दुरुस्त्यांसहच प्रसिद्ध करावा; या विषयात एखादे वर्ष किंवा एखाद्या देशाचे नाव चुकले, तरी वाक्याचा अर्थ उलटतो.