विमानातून हिमशिखरं बघायचीत? खिडकी निवडताना या चुका टाळा

खिडकीची सीट मिळाली म्हणजे डोंगर दिसणारच, या समजुतीवर विमानात बसणारे लोक हिमालयाच्या प्रत्येक वाटेवर भेटतात. सीटसाठी जादा पैसे भरलेले असतात आणि बाहेर तासभर नुसतं धुरकट मैदान दिसत राहतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण बुकिंगच्या वेळी पाच मिनिटं नकाशा बघितला असता तर हे टळलं असतं.

दुसऱ्याचा सीट नंबर उचलणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि सगळ्यात जास्त लोक हीच करतात. कुणीतरी सांगतं, ‘एफ घे, एव्हरेस्ट दिसतो.’ सांगणारा जाताना बसला होता की येताना, हे कुणी विचारत नाही.

ओळखीतले एक जण आईला घेऊन दिल्लीहून काठमांडूला निघाले होते, मीही त्याच विमानात होतो. त्यांच्याकडे कुणीतरी पाठवलेला फोटो होता. खिडकीबाहेर बर्फाची लांबलचक रांग आणि खाली लिहिलेलं ‘६ एफ’, म्हणजे सहाव्या रांगेतली उजवी खिडकी. त्यांनी पैसे भरून नेमकी तीच सीट घेतली. फोटो मात्र परतीच्या विमानातला होता. दिल्लीहून काठमांडूला जाताना विमान पूर्वेकडे, थोडं आग्नेयेला धरून जातं. हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला राहतो. काकू उजवीकडे काचेला कपाळ टेकवून बसल्या होत्या आणि थोड्या थोड्या वेळाने मुलाला विचारत होत्या, “अरे, कधी येणार?” त्याच वेळी डावीकडून धौलागिरी, अन्नपूर्णा, मनास्लू एकेक करून सरकत होते, आणि त्यांच्याच रांगेतल्या ‘ए’वरचे गृहस्थ खिडकीचा पडदा ओढून गाढ झोपले होते. मी बराच मागे होतो. हा प्रकार माझ्या लक्षात आला तोवर सीटबेल्टची खूण लागली होती, जागा बदलायला उठता येईना. थोड्याच वेळात विमान उतरण्यासाठी उत्तरेकडे वळलं. मग अख्खी रांग नाकासमोर गेली आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून सुटली. परतीच्या प्रवासात मात्र काकूंना ‘एफ’च हवी होती, आणि ती त्यांना मिळवून दिली.

माझी सवय साधी आहे. फोनवर नकाशा उघडायचा आणि तो असा फिरवायचा की जायचं ठिकाण वर आणि निघायचं ठिकाण खाली येईल. आता डोंगर ज्या हाताला, ती आपली बाजू. डावी म्हणजे ‘ए’. उजवीकडचं अक्षर विमानागणिक बदलतं. तीन-तीन सीटच्या विमानात बहुधा ‘एफ’, मोठ्या विमानात बहुधा ‘के’. परतीचं तिकीट काढताना नकाशा पुन्हा उलटा फिरवायचा. हीच रीत जगात कुठेही चालते. चिलीतल्या सांतियागोहून अर्जेंटिनातल्या मेंदोसाला जाताना ६,९६१ मीटरचा अकोंकाग्वा सरळ वाटेच्या उत्तरेला, म्हणजे डावीकडे येतो.

विमान नकाशावरच्या सरळ रेषेतच जाईल असं मात्र धरू नका. विमानांचे मार्ग दाखवणाऱ्या फ्लाइटरडार२४ या वेबसाइटवर त्याच फ्लाइटचा आधीच्या दिवसांचा मार्ग दिसतो, तो एकदा बघा. काठमांडूत गर्दी असली की विमानं दक्षिणेला घिरट्या घालत थांबतात आणि तेव्हा उजवीकडच्यांनाही आळीपाळीने हिमालय दिसतो. पण त्या भरवशावर उजवी बाजू घेणं मला पटत नाही.

सूर्य विसरणं

दिल्ली-लेह वाटेवर डोंगर दोन्हीकडे असतात, म्हणून लोक ‘कुठलीही खिडकी चालेल’ म्हणतात. नाही चालत. लेहची विमानं बहुतेक सकाळचीच असतात. विमान उत्तरेला जात असताना उजवीकडे पूर्व येते, आणि त्या खिडकीत समोरून ऊन आलं की काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो. शिखरं नुसती काळी दिसतात. डावीकडे बसलात तर ऊन तुमच्या पाठीमागून डोंगरांवर पडतं आणि बर्फाच्या कडा, हिमनद्यांवरच्या भेगासुद्धा स्पष्ट दिसतात. सकाळीच परतत असाल तर उजवी बाजू घ्या.

पंखावरची खिडकी

एअरबस ए३२० सारख्या विमानात साधारण दहाव्यापासून विसाव्या रांगेपर्यंत खाली पंखच असतो. पाय पसरायला जागा मिळते म्हणून इमर्जन्सी दाराजवळची रांग घेणारे नेमके तिथे अडकतात. लेहच्या वाटेवर तर यात सगळंच जातं, कारण तिथे बघायचं ते बरंचसं तुमच्या खाली असतं. काठमांडूच्या वाटेवर शिखरं दूर, क्षितिजालगत असतात, त्यामुळे थोडंफार दिसतं. पण पंखाचं वर वळलेलं टोक हमखास मधे येतं. मी पुढच्या रांगा घेतो. त्या मिळाल्या नाहीत तर अगदी शेवटच्या. इंजिनाच्या मागे गरम हवेमुळे दृश्य थरथरतं, पण पंखापेक्षा ते परवडलं.

एटीआर, म्हणजे पंख्यावर चालणाऱ्या छोट्या विमानात हिशेब वेगळा. तिथे पंख डोक्यावर असतो, खालचं सगळं मोकळं दिसतं, पण इंजिन आणि पंखा पुढच्या रांगांच्या आड येतात. म्हणून मागे बसा. काठमांडूहून पोखऱ्याला जाताना मागची, उजवी खिडकी.

बोईंग ७३७-८०० मध्ये पंखाच्या जरा पुढे एखाद्या रांगेला खिडकीच नसते. एसीच्या हवेचे पाइप तिथल्या भिंतीतून वर जातात. सीट ‘विंडो’ म्हणून विकली जाते आणि शेजारी कोरी भिंत! पैसे भरण्याआधी त्या विमानाचा सीट-नकाशा बघा. आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा, कारण विमान बदललं की सीटही बदलते.

बाकीच्या छोट्या चुका

दुपारचं विमान घेणं. दिवस चढतो तसे शिखरांभोवती ढग जमतात, त्यामुळे सकाळचं पहिलं विमान घ्या, झोप नंतर होईल. महिना निवडता येत असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. पावसाने हवा धुऊन निघालेली असते. एप्रिल-मेमध्ये धुरकं फार.

काठमांडूच्या माउंटन फ्लाइटमध्ये बाजूसाठी भांडणं. ते विमान रांगेच्या कडेने पूर्वेला जातं आणि तसंच परत येतं, दोन्ही बाजूंना पाळी मिळते.

फोन काचेला टेकवून फोटो काढणं. विमानाची थरथर फोटोत उतरते. काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका. फ्लॅश बंद. कॅमेऱ्याला पोलरायझर फिल्टर असेल तर तो काढून ठेवा, नाहीतर खिडकीच्या प्लॅस्टिकमुळे फोटोत इंद्रधनुषी पट्टे येतात.

खालीच बघत राहणं. ही नवख्यांची चूक, आणि घाईचीही. दहा मिनिटं खाली बघतात, ‘काही दिसत नाही’ म्हणतात आणि फोन काढतात. विमान ३५,००० फुटांवर, म्हणजे सुमारे १०.७ किलोमीटरवर असतं. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. दूरची शिखरं त्यामुळे जवळजवळ तुमच्या नजरेच्या रेषेत, क्षितिजाला चिकटून असतात आणि पहिल्यांदा ढगच वाटतात. एका पांढऱ्या टोकावर नजर धरून ठेवा. ढगाची कड मऊ असते, बघता बघता बदलते. शिखराची कड धारदार असते आणि एका बाजूला निळसर सावली पडलेली असते. एक शिखर ओळखता आलं की शेजारची भराभर सापडतात.