एका डब्यात दोन साप ठेवताय? या चुका टाळा

पावसाळ्यात जळगाव-रावेरकडच्या सर्पमित्राला एकाच दिवशी तीन-चार कॉल येतात. पऱ्हाट्यांच्या ढिगात धामण, गोठ्यात नाग, न्हाणीत कवड्या. वन विभागात नोंद होऊन साप सोडेपर्यंत डबे पुरत नाहीत आणि मग कोणीतरी म्हणतं, "राहू दे ना भो, दोन्ही एकातच."

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मण्यार मुख्यतः दुसरे सापच खाते, नागही साप गिळतो. रात्री दोन ठेवलेत तर सकाळी एकच सापडेल, तोही पोट फुगलेला. (बिनविषारी कवड्या समजून विषारी मण्यार हाताळणारेही भेटतात, त्यांची काळजी वेगळीच.)

एकावर एक वेटोळं घालून बसलेले साप पाहून "यांचं जमलं" म्हणू नका. वरचा दादा आणि खालचा दबलेला, असंही नसतं. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, अशा वेळी डब्यात गार, अंधारा कोपरा एकच असेल तर सगळे तिथेच घुसणार.

मग सापांत वरचढपणा नसतोच का? असतो, पण मुख्यतः नरांत आणि मिलनाच्या हंगामात. शेताच्या बांधावर दोन धामणी अंग पिळून उभ्या राहतात, लोक त्याला मिलन समजून वर कापड टाकतात. बहुतेक वेळा ते दोन्ही नर असतात आणि एकमेकांचं डोकं खाली दाबायची त्यांची झुंज चाललेली असते. अमेरिकेतल्या कॉपरहेड सापांत हरलेल्या नराच्या रक्तात ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं, शिवाय नंतर तो झुंज टाळतो. आपल्या अजगराचंही उदाहरण आहे: बंदिवासातल्या भारतीय अजगरांच्या एका गटात कोण वरचढ, कोण त्याच्या खाली अशी सरळ उतरंड लागल्याचं 1979 मध्ये प्रसिद्ध झालं. बांधावर हरलेली धामण निघून जाते. डब्यातून ती जाणार कुठे?

म्हणून एक साप खात नसेल, खाल्लेलं ओकत असेल किंवा सारखा झाकणाला धडका देत असेल, तर सोबतचा साप आधी काढा. तरी फरक पडला नाही तर उष्णता, कात टाकण्याची वेळ आणि आपली जास्तीची हाताळणी तपासा. खरं सांगायचं तर दोष बहुतेकदा हाताळणीचाच निघतो. एकत्र असताना उंदीर तर मुळीच टाकू नका. दोघांनी दोन टोकांनी धरला तर मोठा साप उंदरासकट धाकट्यालाही गिळू शकतो.

हौस म्हणून साप घरी ठेवणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे मुक्काम जितका कमी तितकं बरं. डबे संपलेच तर बिनविषारी सापांसाठी जाड सुती पिशव्या वापरा. एका पिशवीत एकच साप, तोंड घट्ट बांधलेलं आणि कुठल्या शिवारात पकडला त्याची चिठ्ठी वर बांधलेली, म्हणजे सोडताना रावेरची धामण चाळीसगावला जाणार नाही.