जुन्या छायाचित्रातले विमान कसे ओळखावे

चोरबाजारात किंवा एखाद्या घरातल्या जुन्या पेटीत जुहू विमानतळावरचे छायाचित्र हाती लागले, की ते उलटून मागे काय लिहिले आहे हे आधी पाहिले जाते. या छंदात नेमके तेच शेवटी करावे. छायाचित्रामागचा मजकूर बहुधा बऱ्याच वर्षांनी, आठवणीवर विसंबून लिहिलेला असतो आणि एकदा नाव वाचले की नजर त्याच नावाला पोषक खुणा शोधू लागते. हे विमान कोणते, याआधी ते कोणते असू शकत नाही, हे ठरवावे.

सुरुवात पंखांपासून करावी. पंखांची जोडी एक की दोन, एक असल्यास ती धडाच्या वर की खाली, इंजिने किती, चाके उघडी की झाकलेली, आणि तिसरे चाक नाकाखाली की शेपटीखाली, एवढे टिपले तरी बरीच नावे गळतात. उंचीचा अंदाज शेजारी उभ्या असलेल्या माणसावरून घ्यावा, मात्र तो विमानाच्या पुढे उभा आहे की मागे, हे आधी पाहावे.

त्यानंतर इंजिनाकडे वळावे, कारण खरी परीक्षा तिथेच होते. फ्लाइंग क्लबांच्या छायाचित्रांत वारंवार दिसणारी डी हॅविलंड या ब्रिटिश कंपनीची दोन द्विपंखी विमाने, जिप्सी मॉथ आणि टायगर मॉथ, यांची सर्रास गल्लत होते. जिप्सी मॉथचे इंजिन उभे असल्याने त्याच्या सिलिंडरांची डोकी नाकाच्या वर उघडी दिसतात आणि धुराची लांब नळी धडाच्या बाजूने मागे जाते. टायगर मॉथमध्ये इंजिन उलटे बसवलेले असल्याने नाकाचा वरचा भाग सपाट राहतो. शिवाय त्याचे पंख टोकांकडे किंचित मागे झुकलेले असतात. पुढच्या आसनावरील व्यक्तीला पॅराशूटसह बाहेर पडता यावे म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला गेला आणि त्यामुळे बिघडणारा तोल पंख मागे झुकवून सावरला गेला. केवळ उलट्या इंजिनावरून मात्र निकाल देऊ नये. मॉथ मेजरचे इंजिनही उलटेच असते, पण त्याचे पंख सरळ असतात.

मुंबईकरांना जवळचे दुसरे उदाहरण पस मॉथ आणि लेपर्ड मॉथ यांचे आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथमधून. त्या उड्डाणाच्या स्मरणार्थ १९८२ साली त्यांनी पुन्हा तोच प्रवास केला, तो लेपर्ड मॉथमधून. दोन्ही विमाने बंद केबिनची, वर पंख असलेली आणि वरवर जुळी वाटावीत अशी आहेत, त्यामुळे एकाच्या छायाचित्राखाली दुसऱ्याचे नाव सहज पडते. इथे सालाचा आधार घ्यावा. लेपर्ड मॉथ १९३३ साली प्रथम उडाले. म्हणजे १९३२ चे म्हणून खात्रीने ठरलेल्या छायाचित्रात ते असणे अशक्यच. साल माहीत नसेल तर बांधणी पाहावी: पस मॉथच्या धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा आहे, तर लेपर्ड मॉथचे धड प्लायवूडचे.

मोठ्या विमानांत काम तुलनेने सोपे असते. डी हॅविलंड ड्रॅगनची चाके उघडी, तर ड्रॅगन रॅपिडची इंजिनांखालच्या आवरणात झाकलेली. एअर इंडियाच्या कॉन्स्टेलेशनच्या खिडक्या गोल, तर पुढे आलेल्या लांब सुपर कॉन्स्टेलेशनच्या चौकोनी.

भारतीय विमानांची व्हीटीने सुरू होणारी नोंदणीची अक्षरे स्पष्ट दिसत असतील तर शोध बराच आटोपतो, पण एक अक्षरही अंदाजाने भरू नये. जुन्या छायाचित्रांत सी आणि जी, किंवा ओ आणि क्यू, यांत फरक करणे कठीण असते. अक्षरे मुळीच दिसत नसतील, तर चित्र डावे-उजवे उलटून छापले गेले आहे का, हे कपड्यांवरून तपासावे. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर यायला हवी. साडीच्या पदराचा पुरावा मात्र मुंबईत फारसा टिकत नाही, कारण मराठी पदर डाव्या खांद्यावर असला तरी गुजराती पद्धतीचा उजव्या खांद्यावर येतो.

एवढे झाल्यावर मागचा मजकूर वाचावा आणि त्याचीही उलटतपासणी घ्यावी. टाटांची टपालसेवा सुरू झाली त्या काळात जुहूचे मैदान पावसाळ्यात वापरण्याजोगे राहत नसे आणि सेवा पुण्याला हलवावी लागे. म्हणून ‘जुहू, जुलै १९३३’ अशा ओळीवर कोरडी जमीन आणि टपालाच्या थैल्या दिसल्या, तर स्थळ किंवा महिना यांपैकी एकावर शंका घेणे रास्त ठरते. अशी शंका दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात त्या काळची नियतकालिके चाळून कधी कधी फिटते. नाही फिटली, तर नोंदवहीत विमानाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि ते कोणत्या खुणेअभावी ठेवले, हे शेजारीच लिहावे.