कोपर सरळ होते, तरी कंडरा तुटलेली असू शकते: ट्रायसेप्सच्या दुखापतीत या चुका टाळा

दंडाच्या मागच्या बाजूचा ट्रायसेप्स हा स्नायू ज्या कंडरेने कोपराच्या टोकाला जोडलेला असतो, ती कंडरा पूर्ण तुटणे दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ असल्यामुळेच पहिल्या तपासणीत तिची शंका कोणाला येत नाही. पडताना हात टेकला किंवा बेंच प्रेस करताना भार अचानक झेलावा लागला, की कोपर मागून सुजते, आणि ‘मुरगळले आहे’ असे ठरवून पट्टी बांधली जाते.

सर्वांत महागात पडणारी चूक तपासणीच्या पद्धतीत आहे. हात खाली लोंबत असताना रुग्णाला कोपर सरळ करायला सांगितले, तर ते काम गुरुत्वाकर्षणच करून टाकते आणि तपासणारा निश्चिंत होतो. म्हणून दंड डोक्याकडे वर उचलून, हाताच्या वजनाविरुद्ध कोपर सरळ करता येते का, हे पाहायला हवे. इतके करूनही खात्री बाळगू नये, कारण मुख्य कंडरा तुटली तरी तिचा बाहेरच्या बाजूला पसरलेला भाग आणि अँकोनिअस हा छोटा स्नायू शाबूत असेल, तर थोडीफार ताकद शिल्लक राहते. दुसऱ्या निरोगी हाताशी तुलना केल्याशिवाय ही उणीव कळत नाही. रुग्णाला पालथे झोपवून, पुढचा हात टेबलाच्या कडेवरून खाली सोडून ट्रायसेप्स दाबला असता कोपर किंचितही सरळ होत नसेल, तर कंडरा पूर्ण तुटल्याची शंका बळावते. कोपराच्या टोकाच्या वर बोटाला लागणारी खाच हीही महत्त्वाची खूण आहे. मात्र ताज्या सुजेत ती लपते, तेव्हा काही दिवसांनी पुन्हा तपासणे हाच शहाणपणा.

एक्स-रेमध्ये मोठे फ्रॅक्चर नाही एवढेच पाहून थांबू नये. बाजूने काढलेल्या चित्रात कोपराच्या टोकामागे हाडाची बारीक कपची दिसली, तर कंडरा हाड घेऊन उखडली आहे असे समजावे. फाटलेला भाग किती आहे, हे सोनोग्राफी किंवा एमआरआयने ठरते. उलट, कोपर न दुखता ट्रायसेप्स अशक्त झाला असेल, तर ट्रायसेप्सला चालना देणाऱ्या, मानेतील सी-७ या मज्जातंतूच्या मुळाकडे लक्ष द्यावे.

बराच काळ दुखणाऱ्या कंडरेत स्टिरॉइडचे इंजेक्शन घेणे मी टाळायलाच सांगेन: वेदना शमते, पण कंडरा कमकुवत होऊन तुटण्याचा धोका वाढतो. अशा दुखण्यात भार कमी करून हळूहळू वाढवत नेणारा व्यायाम अधिक हिताचा ठरतो.

अर्धवट फाट लहान असेल आणि ताकद टिकून असेल, तर कोपर सुमारे ३० अंश वाकवून काही आठवडे स्प्लिंटमध्ये ठेवणे बहुधा पुरते. पूर्ण तुटलेल्या कंडरेबाबत मात्र ‘बघू, भरून येईल’ म्हणत वेळ दवडू नये. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती हाडाला परत शिवणे सोपे असते, नंतर स्नायू आखडून वर सरकतो आणि दुसरीकडची कंडरा वापरून जोड देण्याची पाळी येऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतरची चूक रुग्ण नकळत करतात: खुर्चीवरून उठताना हातांवर जोर देणे. पहिले सुमारे सहा आठवडे हे कटाक्षाने टाळावे. जड वजन उचलण्याची परवानगी साधारण चार ते सहा महिन्यांनी मिळते. या काळात करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येऊ लागल्या, तर कोपरामागून जाणाऱ्या अल्नर नसेवर ताण पडत असण्याची शक्यता असते, म्हणून पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना लगेच कळवावे.