मागच्या वाऱ्यावर होडी चांगली चालण्यासाठी रिगिंगमध्ये (डोलकाठी, दोर आणि शिडांच्या मांडणीत) काय बदलावं, आणि कोणत्या क्रमाने

क्रूझिंग होडीवर मागून वारा असताना वेग कमी पडू लागला की बहुतेकांना पहिल्यांदा मोठं, रंगीत, फुग्यासारखं फुगणारं शीड, म्हणजे स्पिनेकर, घ्यावंसं वाटतं. माझा सल्ला असा, की ते सगळ्यात शेवटी घ्या. आधी बूम (मेनसेलच्या, म्हणजे मुख्य शिडाच्या, खालच्या कडेची आडवी काठी) बांधून ठेवणारा दोर, मग पुढचं शीड बाहेर धरून ठेवणारा पोल, आणि नवं शीड त्यानंतर. लांबच्या प्रवासात चोवीस तासांची सरासरी महत्त्वाची असते. ती शिडाच्या आकारापेक्षा शीड जागेवर किती स्थिर राहतं यावर जास्त अवलंबून असते.

याचं कारण साध्या गणितात आहे. १५ नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा थेट मागून येतोय आणि होडी ६ नॉटने चाललीय, तर शिडाला जाणवणारा वारा फक्त ९ नॉट उरतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे शिडाच्या वाट्याला १५ नॉटच्या दाबापैकी जेमतेम ३६ टक्के येतो. त्यातून पुढचं शीड मेनसेलच्या आडोशाला. लाट येते, होडी एका अंगावर कलते, शीड ढिलं पडतं आणि पुढच्याच क्षणी फाडकन भरतं. तो हिसका शीट (शीड ओढून धरणारा दोर), शिडाची शिवण, फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) असा थेट डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत जातो. शीड आणि दोर त्याने झिजतात, आणि दोन रात्री हा आवाज ऐकल्यावर माणसंही थकतात.

यावर उपाय दोनच. शीड जबरदस्तीने उघडं धरायचं, किंवा वारा थोडा बाजूला घेऊन हलक्या कापडाचं शीड लावायचं. पुढची सगळी खरेदी या दोहोंपैकी एका वाटेने जाते.

पायरी १: आधी मोजा

पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत वही जवळ ठेवा. खरा वारा किती, तो कोणत्या कोनातून, होडीचा वेग किती, कोणती शिडं वर होती आणि काय आपटत होतं, एवढं दर तासाला लिहा. खरी अडचण कुठे आहे ते त्यातून कळतं, आणि बऱ्याचदा ती वाटली होती तिथे नसते.

सोबत होडीची वेगमर्यादा काढा. पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. ३० फुटांसाठी उत्तर येतं साधारण ७.३ नॉट. जड क्रूझिंग होडी या आकड्याच्या फार वर टिकून राहत नाही. २० नॉट वाऱ्यात तुम्ही आधीच पावणेसातने जात असाल, तर जास्त शीड लावून वेग नावापुरता वाढेल आणि ताण मात्र पुष्कळ. कमतरता भासते ती ८ ते १४ नॉटच्या वाऱ्यात. तुमच्या वहीतही तसंच दिसलं, तर खरेदी त्या वाऱ्यासाठी करा.

होडीचा तळ आणि प्रोपेलर शेवाळलेला असेल तर आधी तो साफ करा. स्टँडिंग रिगिंगही, म्हणजे डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या कायमच्या ताराही, एकदा जाणकाराकडून तपासून घ्या. पोल डोलकाठीला बाजूने रेटतो, आणि जुनाट तारांच्या भरवशावर नवा भार टाकणं मला पटत नाही.

पायरी २: बूम आवरा

प्रिव्हेंटर, म्हणजे बूम बांधून ठेवणारा तो दोर, नसलेल्या होडीवर इतर कशावरही पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मागच्या वाऱ्यात नकळत जाइब झाला, म्हणजे वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला गेला, तर बूम एका बाजूकडून दुसरीकडे जातो आणि वाटेत जे असेल त्याला उडवतो. त्याने डोकी फुटली आहेत, माणसं दगावली आहेत.

बांधणी अशी असावी. दोर बूमच्या अगदी मागच्या टोकापासून निघतो, तारांच्या बाहेरून नाळेजवळच्या (होडीच्या पुढच्या टोकाजवळच्या) ब्लॉकमधून, म्हणजे कप्पीतून, फिरतो आणि परत कॉकपिटमध्ये (होडी चालवायच्या जागेत) विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरकीवर, येतो. बूमच्या मध्यावर बांधू नका. कलताना बूमचं टोक पाण्यात गेलं की मध्यावर धरलेला बूम तिथेच वाकतो. नाळेजवळचा ब्लॉक निवडताना हात आखडता घेऊ नका. दोर तिथे जवळजवळ उलटा फिरतो, त्यामुळे दोरावर जेवढा ताण, त्याच्या सुमारे दुप्पट त्या ब्लॉकवर आणि त्याच्या खालच्या डेकच्या बोल्टवर येतो. रेलिंगच्या खांबाला ब्लॉक अडकवणं तर अजिबात नको.

बूम बाहेर गेलेला असताना त्याच्या टोकापर्यंत हात पोचत नाही, हीच प्रिव्हेंटर न लावण्याची नेहमीची सबब. त्यावर सोपा उपाय आहे. डायनीमा या मजबूत दोराचा एक तुकडा बूमच्या टोकाला कायमचा जोडा आणि त्याचं दुसरं टोक बूमखालून पुढे आणून डोलकाठीजवळ अडकवून ठेवा. गरज पडली की तिथेच लांब दोर जोडायचा. दोन्ही बाजूंचे दोर आधीच ओवून ठेवले तर जाइबच्या वेळी कुणालाही डेकवर पुढे जावं लागत नाही. दोर विंचवरच हवा, कारण शीड उलट्या बाजूने भरलं तर तो भाराखाली सावकाश सोडता आला पाहिजे. बूम ब्रेक, म्हणजे बूमची हालचाल मंदावणारं साधन, चांगली वस्तू आहे, जाइब हळुवार होतो, पण मोकळ्या समुद्रात तिला प्रिव्हेंटरचा पर्याय मानू नये.

बूम व्हँग, म्हणजे बूम खाली खेचून धरणारी जोडणी, कमजोर असेल तर याच पायरीत बदला. बूम वर उचलला गेला की शिडाचा वरचा भाग पुढे पिळवटतो आणि तारांवर घासतो. मेनसेलच्या पट्ट्यांना बॉल बेअरिंगच्या गाड्या बसवणं महाग पडतं, पण त्यांच्यामुळे वारा मागून असतानाही रीफ घेता येतो, म्हणजे शीड लहान करता येतं. मागच्या वाऱ्यात वारा वाढल्याचं उशिरा कळतं, आणि त्या वेळी शीड ट्रॅकमध्ये अडकलं तर होडी वाऱ्यात वळवण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

आता स्प्रेडर, म्हणजे बाजूच्या तारांना डोलकाठीपासून दूर धरणाऱ्या आडव्या दांड्या, पाहा. ते मागे झुकलेले, म्हणजे २० अंश किंवा त्याहून जास्त, असतील तर बूम पुरता बाहेर जाणारच नाही, मेनसेल स्प्रेडरवर टेकेल. घासण्याच्या जागी ठिगळं लावून काम भागतं, पण अशा होडीवर थेट मागच्या वाऱ्यात मेनसेल खाली घेऊन फक्त पुढच्या शिडांवर चालणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. पुढची निवड यावरूनच ठरते.

पायरी ३: पोल

आहे त्या जेनोआला, म्हणजे पुढच्या मोठ्या शिडाला, चांगला पोल लावला की क्रूझिंग होडीची मागच्या वाऱ्यातली चाल बदलते. मेनसेल एका बाजूला, जेनोआ दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही शिडं गप्प. एकाच गोष्टीपुरते पैसे असतील आणि प्रिव्हेंटर झालेला असेल, तर ती गोष्ट पोल.

लांबीसाठी आधी ‘जे’ मोजा, म्हणजे डोलकाठीच्या पुढच्या कडेपासून फोरस्टे डेकला मिळतो तिथपर्यंतचं आडवं अंतर. स्पिनेकर पोल साधारण तेवढाच असतो, आणि छोट्या जिबला, म्हणजे पुढच्या लहान शिडाला, तो पुरतो. ‘जे’च्या १३५ टक्क्यांच्या जेनोआची खालची कड त्याहून बरीच लांब असते. तिथे एकतर शीड थोडं गुंडाळून घ्यायचं, नाहीतर लांबी कमीजास्त होणारा व्हिस्कर पोल घ्यायचा. व्हिस्कर पोल हलका असतो, पण तो स्पिनेकरचा भार पेलायला केलेला नसतो, हे विकत घेतानाच लक्षात ठेवा. आणखी एक गोष्ट: नळी २० टक्क्यांनी लांबवली की दाबाखाली न वाकण्याची तिची ताकद सुमारे ३० टक्क्यांनी घटते. म्हणून जोराच्या वाऱ्यात पोल आखूडच ठेवा. मोठ्या होडीवर कार्बनचा विचार करावा, कारण हलत्या डेकवर पोल उचलणाऱ्या माणसाला प्रत्येक किलो जाणवतो.

पोल ठेवायचा कुठे? डेकवर खाचेत ठेवणं स्वस्त. पण डोलकाठीवर ट्रॅक बसवून पोल उभा ठेवला तर एकट्याने तो लावता आणि काढता येतो. हा खर्च मी नक्की करेन, कारण लावायला अवघड असलेला पोल तिसऱ्या दिवसापासून कुणी लावतच नाही.

लावायची पद्धत नीट शिकून घ्या. पोलला स्वतःचे तीन दोर हवेत: वर उचलून धरणारा टॉपिंग लिफ्ट, पुढे खेचणारा फोरगाय आणि मागे खेचणारा आफ्टरगाय. शीड गुंडाळलेलंच असू द्या. शीट पोलच्या जबड्यातून घ्या, पोल बाहेर काढा, टोक शिडाच्या कोपऱ्याच्या उंचीला आणा आणि तिन्ही दोर ताणून पोल घट्ट करा. तो जागचा हलत नाही याची खात्री झाली की मग शीट ओढून शीड उघडा. वादळी सर आली तर शीट सोडत फर्लिंगचा (शीड गुंडाळायचा) दोर ओढायचा, शीड आत येतं आणि पोल तसाच उभा राहतो. सर गेली की पुन्हा उघडायचं. हे सगळं कॉकपिटमधून होतं. शिडाच्या आधारावर लोंबणारा पोल आणि स्वतःच्या तीन दोरांवर उभा असलेला पोल यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पोल बाजूच्या तारांना किंवा फोरस्टेला टेकू देऊ नका, मोडतो तो बहुधा तिथेच.

पायरी ४: दुसरं पुढचं शीड

तुमचा मार्ग व्यापारी वाऱ्यांचा असेल, उदाहरणार्थ कॅनरी बेटांहून कॅरिबियनकडे, सुमारे २,७०० सागरी मैल, बहुतेक वारा मागून, तर जुळी शिडं विचारात घ्या. ही युक्ती जुनी आहे. दर्यावर्दी ऑटवे वॉलर यांनी १९३० मध्ये आणि मारिन-मारी यांनी १९३३ च्या अटलांटिक सफरीत जुळ्या शिडांचे दोर सुकाणूला जोडून होडीकडून आपोआप दिशा राखून घेतली होती.

बहुतेक फर्लरच्या (शीड गुंडाळणाऱ्या यंत्राच्या) पट्टीला दोन खाचा असतात. एकीत जेनोआ, दुसरीत तसंच हलकं शीड, आणि दोन्ही एकत्र गुंडाळली जातात. दोन पोल नसतील तर एका बाजूला पोल आणि दुसऱ्या बाजूला बाहेर बांधून ठेवलेल्या बूमच्या टोकावरून शीट, असंही चालतं. मेनसेल खाली असल्याने मागे झुकलेल्या स्प्रेडरची कटकटही संपते. मात्र होडी डोलते जास्त, आणि वारा बाजूला सरकला की ही मांडणी निरुपयोगी होते. किनाऱ्या-किनाऱ्याने फिरणाऱ्याला तिचा फारसा फायदा नाही.

पायरी ५: असिमेट्रिक, आणि त्याचं गणित

असिमेट्रिक, म्हणजे दोन्ही कडा सारख्या नसलेलं, स्पिनेकर थेट मागच्या वाऱ्यात मेनसेलमागे कोलमडतं, त्याला कोन लागतो. ३० अंश बाजूला घेऊन चाललात तर अंतर सुमारे १५ टक्क्यांनी वाढतं. म्हणजे सरळ रेषेत ६ नॉट मिळत असतील तर तिरकं जाताना जवळजवळ ७ नॉट मिळाले तरच बरोबरी. १० नॉटच्या वाऱ्यात हे जमून जातं, होडीही कमी डोलते. २० नॉटमध्ये होडी मर्यादेला पोचलेली असते, तेव्हा वाढीव अंतर भरून निघत नाही. पायरी १ मधली वही इथे उघडा.

घ्यायचं ठरलं तर शिडाआधी दोन टोकं बघा. खालचं टोक फोरस्टेच्या पुढे हवं. त्यासाठी आखूड बोस्प्रिट, म्हणजे नाळेपुढे निघालेला दांडा, लागतो आणि त्यावर वरच्या दिशेने ताण येतो, म्हणून तो बॉबस्टेने (खालून ओढून धरणाऱ्या तारेने) खाली बांधावा लागतो. नांगराचा रोलर खाली जाणाऱ्या भारासाठी असतो, त्याच्या ताकदीवर विसंबू नका. वरचं टोक, म्हणजे शीड वर चढवणारा दोर (हॅलयार्ड), फोरस्टेच्या वरून आणि पुढून सुटायला हवा. साध्या जिब हॅलयार्डच्या खाचेतून तो वळवला तर कडेवर घासून एका रात्रीत कापला जाऊ शकतो.

गुंडाळायला कापडी मोजा, म्हणजे स्नफर, स्वस्त आणि भरवशाचा, पण एक माणूस पुढच्या डेकवर लागतो. टॉप-डाउन, म्हणजे वरून खाली गुंडाळणारा, फर्लर कॉकपिटमधून चालतो, त्यासाठी न पिळणारा खास दोर लागतो आणि किंमतही बरीच वाढते. दोघेच असाल आणि रात्रीही शीड ठेवणार असाल तर तो खर्च योग्य ठरतो. ‘कोड झीरो’ मागच्या वाऱ्यासाठी म्हणून कुणी सुचवलं तर थांबा. ते हलक्या, बाजूच्या वाऱ्याचं शीड आहे.

पायरी ६: पाण्यात तपासा

नवी मांडणी पहिल्यांदा दिवसा, १२ नॉटच्या आसपासच्या वाऱ्यात लावा, आणि प्रवासाला जी दोन माणसं असतील त्यांनीच लावावी. उघडणं, गुंडाळणं, जाइब, हे तिघा-चौघांच्या मदतीशिवाय झालं पाहिजे. मग तेच रात्री करून बघा. एखादी वस्तू दिवसा जमते आणि रात्री जमत नाही, तर तिच्या दोरांची जागा बदला, नाहीतर ती घेऊच नका.

सलग एक दिवस-रात्र चालवल्यावर सगळे दोर हाताने चाचपा. पोलच्या जबड्यातली शीट, नाळेजवळच्या ब्लॉकमधला प्रिव्हेंटर, वरच्या चाकावरचा हॅलयार्ड, या जागी आधी धागे सुटतात. तिथे डायनीमाचं आवरण चढवा, आणि लांबच्या प्रवासात हॅलयार्ड रोज काही सेंटिमीटर सरकवा, म्हणजे झीज एकाच जागी होणार नाही.