टॉर्च कमरेजवळ धरा

पहाटे अंधारात आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढणारे बरेच जण टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरतात किंवा डोक्याला बांधतात. मग दगडाची सावली दगडामागेच लपते, वाट सपाट भासते आणि पाय मुरगळतो. टॉर्च कमरेजवळ, थोडी तिरकी धरून बघा. सावल्या लांब पडतात, त्यामुळे खड्डा, मूळ, सुटा दगड लगेच कळतो. पावसाळ्यात गडावर धुकं असतं तेव्हा तर हे हवंच, कारण डोळ्यांजवळचा झोत धुक्यावरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. उजेडही कमीच ठेवा. डोळे अंधाराला पुरते सरावायला 20-30 मिनिटं लागतात, आणि समोरच्याने तोंडावर टॉर्च मारली की ते सगळं क्षणात वाया! (मारणारा वर 'सॉरी काका' म्हणतो, तेवढंच समाधान.)

घरी आल्यावर साध्या सेलची टॉर्च असेल तर सेल काढून ठेवा. आत राहिले तर गळतात, स्प्रिंग गंजते. नवे-जुने सेल एकत्र घालू नका. जुना लवकर संपतो आणि गळायची सुरुवात बहुधा तोच करतो.