माशी बदला, चापाला हात लावू नका

ह्यूस्टनजवळ राहायला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. काम पाइपलाइनच्या व्हॉल्व्हचं, त्यामुळे हातात येईल ती वस्तू खोलून सुधारायची खाज जुनीच. कोल्हापुरात बाबांच्या चेतकच्या कार्बुरेटरचं मी काय केलं होतं, ते बाबा अजून पाहुण्यांना सांगतात. तर कमरेला लावायला ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं आणि पहिल्याच महिन्यात साडेतीनशे डॉलरचे सुटे भाग मागवले. त्यातले निम्मे आज गॅरेजमध्ये बिस्किटाच्या डब्यात पडून आहेत.

भागांकडे वळण्याआधी एक सांगतो, कारण गणपतीच्या जेवणावळीत दर वर्षी कुणीतरी नवा मुलगा हे विचारतोच. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूकही बाळगता येत नाही आणि गोळ्याही. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही त्यातच मोडतं. एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना असेल तर अपवाद मिळतो, पण त्यावर विसंबण्याआधी वकिलाला गाठा. ग्रीन कार्ड आलं की ही आडकाठी जाते. टेक्सासात सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरी मी परवाना काढलाय, दुसऱ्या अनेक राज्यांत तोच चालतो म्हणून.

आता चाप. ग्लॉकचा कंपनीचा चाप साधारण साडेपाच पौंडांचा, म्हणजे अडीच किलोचा जोर घेतो. मला तो जड वाटला. ऑनलाइन मिळणारा हलका कनेक्टर (चापाचा जोर ठरवणारी आतली पट्टी) आणि सोबत स्ट्रायकरची, म्हणजे काडतुसाला मागून ठोका देणाऱ्या सुईची, हलकी स्प्रिंग बसवली. रेंजवर पहिली दोन खोकी अशी सुरेख गेली की मी स्वतःवरच खूश. तिसऱ्या खोक्यात चाप ओढला आणि नुसतंच ‘टिक्’. पुन्हा भरलं, चार गोळ्यांनंतर परत ‘टिक्’. शिकवणारा गृहस्थ शेरीफच्या खात्यातून निवृत्त झालेला. त्याने न उडालेलं काडतूस माझ्या तळहातावर ठेवलं. मागच्या टोपीवर खड्डा होता, पण अगदी उथळ. स्प्रिंग हलकी केली की चाप हलका होतो खरा, पण स्ट्रायकरचा ठोकाही मवाळ पडतो. व्हॉल्व्हच्या धंद्यात वीस वर्षं घालवलेल्या माणसाला हे कुणी सांगावं लागतं!

दुसरी बाजू जास्त वाईट. ग्लॉकला हाताने लावायचा खटका नाही. सगळी सुरक्षा आतच आहे: चापावरची पट्टी, फायरिंग पिन (तोच स्ट्रायकर) अडवणारा तुकडा, आणि पिस्तूल खाली पडलं तर गोळी सुटू नये म्हणून केलेली सोय. आतले भाग कानशीने घासून ‘गुळगुळीत’ करणारे हीच पकड पातळ करत असतात. असं पिस्तूल पोटाशी खोचून माणूस गाडीत बसतो.

कोर्टात हलका चाप वेगळ्याच वाटेने अंगावर येतो. स्वसंरक्षण म्हणजे ‘मी गोळी जाणूनबुजून झाडली, कारण दुसरा इलाज नव्हता’. समोरचा वकील म्हणतो, जाणूनबुजून कुठली, चाप केसासारखा नाजूक केलेला, बोट लागलं आणि उडाली. मग तो निष्काळजीपणा ठरतो, आणि दिवाणी दाव्यात घराच्या विम्याचे पैसे बाहेर काढायलाही हाच मुद्दा बरा पडतो, कारण विमा चुकीचे पैसे देतो, मुद्दाम केलेल्याचे नाही. मायामीत १९८२ मध्ये एका पोलिसाने गोळी झाडली, तेव्हा रिव्हॉल्व्हरचा घोडा ताणून चाप हलका केला होता असाच आरोप झाला. तो १९८४ मध्ये सुटला, पण आठवडेच्या आठवडे चाललेल्या खटल्यानंतर. मसाद अयूब हे शस्त्रांवर लिहिणारे आणि कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष देणारे गृहस्थ हीच गोष्ट वर्षानुवर्षं सांगत आले आहेत.

कोरीवकामाचंही तेच. ॲरिझोनात मेसा इथे २०१६ मध्ये एका पोलिसाने निःशस्त्र माणसाला मारलं. पोलिसाच्या रायफलच्या झाकणावर शिवी कोरलेली होती. न्यायाधीशांनी ती ज्युरीपुढे येऊ दिली नाही आणि तो सुटलाही, पण शिवी जगभर पोचली. पिस्तुलाच्या स्लाइडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, राजमुद्रा कोरून घेणारा एक पठ्ठ्या मला डॅलसला भेटलाय. समोरच्या वकिलाने भाषांतर मागवलं तर, असं विचारल्यावर त्याने विषय बदलला.

काही बदल मात्र सरळ गुन्हेच आहेत. एका दाबात सलग गोळ्या सोडणारं ‘स्विच’ कायद्याच्या लेखी मशीनगन, दहा वर्षांपर्यंत तुरुंग. अनुक्रमांक घासू नका. पिस्तुलाला खांद्याचा दस्ता लावला की ती आखूड नळीची रायफल ठरते, पुढे उभी मूठ लावली तरी वर्ग बदलतो. दोन्हींना आधी फेडरल नोंदणी लागते. राज्याची हद्द हीसुद्धा भानगडच. माझं पंधरा गोळ्यांचं मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) टेक्सासात चालतं, कोलोरॅडोत बरोबर मर्यादेवर बसतं, न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्नियात मर्यादा दहाची. कॅलिफोर्निया टेक्सासचा परवानाही मानत नाही. तिकडे भावाकडे जाताना माझं पिस्तूल घरच्या तिजोरीतच राहतं.

मग बदलायचं काय? माशी. माशी म्हणजे नळीवरची नेम धरायची खूण. कंपनीची प्लॅस्टिकची काढून मी ट्रिटियम या आपोआप चमकत राहणाऱ्या वायूची बसवली, अंधारात बारीक हिरवी दिसते. ट्रिटियमचं अर्धआयुष्य सुमारे बारा वर्षं, म्हणजे तेवढ्यात उजेड निम्मा, तेव्हा वापरलेली माशी घेताना वर्ष विचारा. मुठीला रबराची पट्टी चिकटवली. सोल्डरिंगच्या कावियाने मूठ खरवडणारे असतात, पण ते परत पुसता येत नाही आणि वॉरंटीही जाते. टॉर्च लावलीत तर होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, नवं घ्यावं लागतं, कारण चाप पूर्ण झाकणारं होल्स्टर हवंच. मॅगझिनला लांब तळ बसवू नका. शर्टातून उठून दिसते ती मूठ, नळी नव्हे, आणि इथल्या उन्हाळ्यात अंगात एकच पातळ सदरा असतो.

कुठलाही बदल केल्यावर मी सरावाच्या दोनशे आणि रोज जवळ ठेवतो त्या जातीच्या पन्नास गोळ्या झाडतो. एक जरी अडकली तरी जुना भाग परत जागेवर. काम गनस्मिथकडून, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडून, करून घेतो, पावती आणि काढलेला भाग एकाच पाकिटात, वर तारीख.

भारतात जाताना बॅग. विसरलेलं एक काडतूसही तिथल्या विमानतळावर सापडलं की शस्त्र कायद्याखाली पोलीस, जबाब, चुकलेलं विमान. गेल्या डिसेंबरात पुण्याला निघताना बायकोने माझी पाठीवरची बॅग उलटी करून झटकली. शेंगदाण्याच्या पुडीमागोमाग नऊ एमएमचं एक जिवंत काडतूस फरशीवर पडून सोफ्याखाली गेलं. ते मी कण्हत काढेपर्यंत तिने बॅगेवर मार्करने ‘रेंज’ लिहून टाकलं होतं.